बोअरच्या पाण्यातलं चित्र

तो माणूस यवतमाळच्या बाजारात दिसला की मी आजही स्कूटर थांबवते. पाय टेकवते आणि तो वळणाआड होईपर्यंत त्याच्याकडं टक लावून पाहते. का पाहते ते त्याला ठाऊक आहे. तो मान खाली घालून उगाच कांदे निवडत बसतो. माझा नवरा म्हणतो, झालं ना आता, किती वर्षं झाली. झाली असतील. वर्षं होतात म्हणून काय राग शिळा होते?

हो, "होते" म्हटलं मी, "होतो" नाही. कॉलेजात वर्गात मी शुद्ध बोलते, पण राग आला की घाटंजीची होते. पोरं ओळखून असतात. मॅडम "काहून" म्हणाल्या की मागच्या बाकावरचे सरळ बसतात.

तो माणूस म्हणजे आमच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाचे तेव्हाचे प्रमुख. तोंडाला सवय पडली म्हणून सर म्हणते, मान द्यायला नाही. गोरेपान, गोड बोलणारे, सभेत बोलायला उभे राहिले की पहिल्या वाक्यात शेतकरी आणि दुसऱ्या वाक्यात माताभगिनी. लोकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. माझ्याही आलंय एकदा, आता लाज वाटते.

यंत्र माझं होतं. नागपूरला संशोधन करताना मी ते जमवलं आणि नोकरी लागल्यावर सामानासकट यवतमाळला घेऊन आले. दिसायला काही नाही, एक गोल टाकी. टाकीच्या आतल्या बाजूला भोवतीनं छोटे छोटे अँटेना. एकानं सूक्ष्मलहरी सोडायच्या, बाकीच्यांनी ऐकायच्या. मग दुसऱ्यानं सोडायच्या. मधल्या वस्तूतून जाताना लहर कुठं मंदावली, कुठं वळली, कुठं मेली, यावरून संगणक उलटं गणित मांडतो आणि वस्तूच्या आत काय आहे त्याचं चित्र काढतो. क्ष-किरणांसारखं नाही हे. वीज त्या जागेत कशी वागते, त्याचं हे चित्र. पाणी जास्त तिथं उजेड, चरबी तिथं काळोख. बाईच्या छातीत चरबी फार, आणि वाईट गाठीत पाणी फार. म्हणून गाठ दिसते. म्हणजे सगळं नीट केलं तर दिसू शकते. ते यंत्र अजून शिकाऊ होतं. त्याच्या भरवशावर कोण्या बाईला "जा, तुला काही नाही" असं सांगायची माझी स्वतःची हिंमत नव्हती.

आणि नीट करायची पहिली गोष्ट म्हणजे टाकीतलं द्रव. लहर हवेतून थेट अंगात शिरत नाही, कातडीवरूनच माघारी फिरते. म्हणून टाकीत अंगाशी जुळेल असं काहीतरी भरावं लागतं. मी शुद्ध पाण्यात ग्लिसरीन मिसळायची. महाग पडायचं, अंगाला चिकटायचं, पण चित्र यायचं. खारं पाणी मात्र चालतच नाही. खाऱ्या पाण्यात लहर तिथल्या तिथं विरून जाते, पलीकडं काही पोचत नाही. मग संगणकाला ऐकायलाच काही येत नाही, आणि तो शहाणा आधीपासून गृहीत धरलेलं गुळगुळीत चित्रच परत काढून देतो. बहिऱ्यानं भजनात मान डोलवावी तसं. टाकीत बाई असो की नसो.

ती कापसाच्या नासाडीची वर्षं. आमच्या जिल्ह्याचं नाव रोज पेपरात यायचं. गाड्या भरभरून लोक यायचे, प्रत्येकाला काहीतरी मदत करायची असायची आणि मदतीचा फोटोही पाहिजे असायचा. सरांनी हे बरोबर ओळखलं. मी तेव्हा बाळंतपणाच्या रजेवर होते. बाळ घेऊन कॉलेजात पेढे वाटायला गेले तर प्रयोगशाळेतला कोपरा रिकामा. माझी टाकी एका पांढऱ्या गाडीत बसून गावोगाव फिरत होती, गाडीवर सरांचा फोटो आणि खाली लिहिलेलं, शेतकरी भगिनींसाठी मोफत स्तनतपासणी.

"सर, हे अजून तपासणीला द्यायच्या लायकीचं नाही," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही बाळ सांभाळा," ते म्हणाले. "दौऱ्याची दगदग कशाला करता? श्रेय काय, सगळ्यांचंच असतं."

माणूस हुशार होता, हे कबूल करावंच लागेल. छाती तपासायला या म्हटलं तर आमच्याकडं कोणती बाई येणार? त्यांनी शिबिरं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जोडली. हळदीकुंकवाला जायला सासूसुद्धा नाही म्हणत नाही. मांडव टाकायचा, मधोमध जाड पडदा. पडद्याअलीकडं सरांची बायको ताट घेऊन उभी. बाईनं कुंकू लावून घ्यायचं, तिळगूळ घ्यायचा आणि एकटीनंच पडद्याआड जायचं. आत एक खाट, खाटेला भोक, भोकाखाली टाकी. तिनं पदर काढून पालथं झोपायचं आणि "झोपली" म्हणून ओरडायचं. पडद्याबाहेर सर संगणकापाशी बसलेले. ते कळ दाबायचे, चित्र यायचं, मग म्हणायचे, "आता डावी बाजू." ती सरकायची. परत चित्र. मग सर मोठ्यानं सांगायचे, "ताई, निर्मळ आहे. घरी जा, सुखी राहा." बाईला कोणी पाहत नाही, हात लावत नाही, नर्ससुद्धा आत नाही. लाजेकाजेची एवढी काळजी घेणारा माणूस देवमाणूसच, असं बाया म्हणायच्या. आणि बायांना धीर यावा म्हणून प्रत्येक शिबिरात पहिल्यांदा स्वतःच्या बायकोला झोपवायचे. टाळ्या पडायच्या.

आता माझ्या ताईबद्दल सांगते. माझ्यापेक्षा पुष्कळ मोठी. माय लवकर गेली, तेव्हा ताईनंच मला वाढवलं. घाटंजीजवळच्या गावात दिलेली, घरचं वावर, तूर, सोयाबीन, पऱ्हाटी म्हणजे कापूस. जिभेला हाड नाही अशी बाई. गावात कोणाचं भांडण निघालं की बाया ताईला बोलवायच्या, भांडण मिटवायला नाही, जिंकायला.

त्या वर्षी पोळ्याला मी बाळाला घेऊन तिच्याकडं गेले. बैल धुऊन सजवून झाले होते, घरात पुरणाचा वास. बाळ तिच्या मांडीवर खेळत होतं. खेळता खेळता त्यानं तिच्या छातीवर लाथ मारली आणि ताई असं कळवळली की मी जागची उठले.

"काय झालं वं ताई?"

"काई नाई वं. गाठ हाय तिथं एक. कापूस वेचताना ओटीचा पट्टा घासला, त्यानं झाली असन."

"गाठ? आणि मले सांगतलं नाई?"

"सांगाचं काय त्याच्यात? तुह्याच मशिनीत पाह्यली ना मी. संक्रांतीले घाटंजीले आलती. सगळ्याईले सांगतलं, माह्या लहान्या बहिणीनं बनवली हे मशीन, आणि रांगेत पयली उभी राह्यली. सर म्हणे निर्मळ हाय. मंग कायले भ्याचं?"

मी विचारलं, "टाकीतलं पाणी चिकट होतं का? नंतर अंग धुवावं लागलं का?"

"चिकट कायले असन? साधं पानी तं होतं. शाळेच्या बोअरचं, माह्यासमोर पाईप लावून भरलं. झंपर वाळलं तं पांढरे डाग पडले, आपल्या घागरीले पडते ना तसे."

आमच्या भागातलं बोअरचं खारं पाणी ज्यानं पाहिलंय त्याला हे सांगायला नको. डाळ शिजत नाही त्यात, साबणाला फेस येत नाही. त्या पाण्यात त्यानं माझी टाकी बुडवली होती. ग्लिसरीन परवडत नाही म्हणून. आणि त्या पाण्यातून आलेलं एकच एक आंधळं चित्र पाहून गावोगावच्या बायांना तो निर्मळ, निर्मळ सांगत सुटला होता. माझ्या ताईलाही.

मी बाळ उचललं आणि म्हटलं, "उद्या नागपूरले चालाचं."

"उद्या पोळ्याची कर हाय, तान्हा पोळा. घरात पोट्टे..."

"ताई, तू उद्या चालून राह्यली. बस."

नागपूरच्या डॉक्टरबाईंनी हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. सुई टाकून तपासलं. कर्करोगच निघाला, आणि काखेपर्यंत पोचलेला. मी विचारलं, संक्रांतीला आणलं असतं तर? त्यांनी रिपोर्ट मिटला. मग म्हणाल्या, "तेव्हा बहुतेक एकाच जागी असता. खूप सोपं झालं असतं." ताईची डावी छाती काढली. मग ती औषधं सुरू झाली, जी रोगाला मारता मारता माणसालाही अर्धं मारतात. केस गेले, चव गेली. जीभ तेवढी शाबूत राहिली.

मी कॉलेजात गेले ती पेटूनच. सरकीचं तेल, जिलेटिन आणि साबणाचा थेंब घोटून मी वाटीच्या आकाराचा एक गोळा जमवला. त्याचे विजेचे गुण छातीतल्या चरबीसारखे असतात, आम्ही लोक यंत्र तपासायला असेच गोळे करतो. आत मीठपाण्याच्या जिलेटिनची लिंबाएवढी गाठ घातली. सरांच्या समोर बोअरचं पाणी टाकीत भरलं, गोळा सोडला, कळ दाबली. चित्र गुळगुळीत. गाठ नाही. मग पाणी काढून माझं द्रव भरलं. गाठ अशी चमकली की आंधळ्यालाही दिसावी.

सर हसले. "मॅडम, ही जेली आहे. बाई नव्हे. जेलीवरून तुम्ही माझ्या शिबिरांवर बोट ठेवता?"

"माझी बहीण आहे, सर. तिला तुम्ही निर्मळ म्हणालात."

"वाईट वाटलं ऐकून. पण रोग नंतरही झाला असेल ना? कोणी सिद्ध करणार?"

प्राचार्यांकडं तक्रार केली. त्यांनी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष कोण? सरच! हसावं का रडावं बाप्पा! समितीनं ठरवलं की बाळंतपणानंतर मॅडमचं मन नाजूक झालं आहे.

हे मी ताईला सांगितलं तेव्हा ती खाटेवर पडली होती. मला वाटलं, म्हणेल, जाऊ दे, देव पाहून घेईल. माझी ताई असं कशी म्हणेल? ती उठून बसली.

"काय म्हणे तो? जेली म्हणजे बाई नाई?"

"हो."

"मंग बाई घेऊन जाऊ ना त्याच्यासाठी," ती म्हणाली. "मी चालतो. त्याचं पुढचं शिबिर कुठं हाय, पाह्य."

आमच्याकडं बायासुद्धा रागात "मी चालतो" म्हणतात. ताई रागात असली की पुरुषासारखीच बोलायची.

पुढचं शिबिर वणीला होतं, परत संक्रांतीच्या दिवसांत. कोळशाचं गाव, खाणीवरच्या कामगारांच्या बायका, राजूरहून आलेल्या बायका, शेतावरच्या बायका, मांडव गच्च भरलेला. मंचावर मोठे पाहुणे, सरांच्या सत्काराची शाल आणि नारळ तयार. वणीत ताईला कोणी ओळखत नव्हतं. तिनं डोक्यावरून पदर घट्ट घेतला होता, केस नसलेले दिसू नयेत म्हणून. चोळीच्या डाव्या बाजूला घरच्या कापसाचा बोळा ठासून भरला होता. मी बायांमध्ये बसले. सरांनी मला पाहिलं आणि हात जोडले. त्यांना वाटलं, मॅडम ताळ्यावर आल्या.

आधी त्यांची बायको आत जाऊन आली. निर्मळ. टाळ्या. मग रांग सुरू झाली. बोअरचा पाईप टाकीपर्यंत गेलेला मला बसल्या जागेवरून दिसत होता. एखादं माणूस आत डोकावलं असतं, एखादी बाई ताईच्या मदतीला गेली असती, तर सगळं फिसकटलं असतं. पण लाजेकाजेचा बंदोबस्त सरांनी स्वतःच चोख ठेवला होता. तिथं कोणी पाहतच नव्हतं.

ताईची पाळी आली. सरांच्या बायकोनं तिला कुंकू लावलं, तिळगूळ दिला. ताई पडद्याआड गेली.

"झोपली," आतून आवाज आला.

सरांनी कळ दाबली. "उजवी छान. आता डावी बाजू, ताई."

आत खाट करकरली. सरांनी परत कळ दाबली. चित्राकडं पाहिलं, आणि मायक्रोफोन तोंडाशी धरून म्हणाले, "डावीही निर्मळ. घरी जा, सुखी राहा."

ताई बाहेर आली. घरी गेली नाही. सरांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"सर, डाव्या बाजूले काय दिसलं?"

"काही नाही ताई. निरोगी आहे."

"नीट पाहा."

"नीटच पाहिलं हो."

"या सगळ्याईले सांगा नं मंग. मोठ्यानं सांगा."

सरांनी सांगितलं. मोठ्यानं, हसून, मायक्रोफोनवरून. ही ताई घाबरली आहे, पण तिची डावी बाजू पूर्ण निरोगी आहे. मग ताईनं चोळीत हात घातला, कापसाचा बोळा काढला आणि सरांच्या बायकोच्या हातातल्या ताटात, हळदीकुंकवाच्या कोयऱ्यांमध्ये ठेवला.

"डाव्या बाजूले हे होतं," ती म्हणाली. "छाती नागपुरात कापून टाकली. मागच्या संक्रांतीले यानंच मले निर्मळ म्हणतलं होतं. आता पोकळीलेही निर्मळ म्हणून राह्यला." आणि पदर सरकवून तिनं ती सपाट, शिवलेली जागा चोळीवरूनच तळहातानं दाबून सगळ्यांना दाखवली.

मांडवात कोणी ओरडलं नाही. मला वाटलं होतं, आरडाओरडा होईल, खुर्च्या फेकतील. तसं काही नाही. बायांचे हात हळूहळू पदराखाली गेले. पुढच्या रांगेतले, मागच्या रांगेतले, मंचावर बसलेल्या पाहुण्या बाईंचेही. ज्यांना आधी निर्मळ सांगितलं होतं त्या आपापली छाती चाचपत होत्या. सरांच्या बायकोनं ताट खाली ठेवलं. तिचाही हात पदराखाली गेला आणि तिथंच थांबला. ती नवऱ्याला म्हणाली, "मला किती वेळा झोपवलंत हो तुम्ही यात?"

सरांनी संगणक बंद केला. तो एकच मान खाली घातलेला चेहरा पाहायला मी पोळ्यापासून जगत होते. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. मन मोठं असणाऱ्यांनी असं वाटून घेऊ नये म्हणतात, माझं मन लहान आहे.

परतीच्या एसटीत ताई खिदळत होती. "त्याचं थोबाड पाह्यलं का वं लहाने? आंबील प्यालेल्या मांजरावानी." हसता हसता तिला खोकला लागला, मी पाठ चोळली, तरी हसायची थांबेना. शिबिरं बंद झाली. गाडीवरचा फोटो खरवडून काढला. सर मुदतीआधीच घरी बसले. कोणी शिक्षा केली नाही, आपल्याकडं कोण कोणाला करते? पण गावोगावच्या बाया नागपूरला, यवतमाळला खऱ्या तपासणीला जायला लागल्या, हे खरं.

ताई त्या वर्षीची बोंडं फुटायच्या आत गेली. रोग हाडांत उतरला होता. शेवटी तिला पाणीही गिळवत नव्हतं, तरी मला म्हणाली, "वणीची गोठ सांग." मी ती गोष्ट परत सांगितली. ती ऐकता ऐकता झोपली.

तिच्या तेरवीला अंगणात पंगत बसली होती. मी वरण वाढत होते. आणि फाटकातून सर आले. पांढरा सदरा, वाळलेले, खांदे पडलेले. भाऊजी, ताईचा नवरा, भला माणूस. दारी आलेल्याला त्यांनी हाताला धरून पंगतीत बसवलं, पत्रावळ मांडली. मी वाढत वाढत त्यांच्यापुढं आले. त्यांनी वर पाहिलं. डोळे भरलेले होते.

"मॅडम," ते म्हणाले, "वणीहून आलो त्याच रात्री आमच्या हिला लागलं हाताला काहीतरी. नागपूरला नेलं. गाठ होती. लवकर सापडली म्हणाले, काढली, आता बरी आहे. तुमच्या ताईमुळं वाचली. बायकोनंच पाठवलं मला, तेरवीच्या पानाला हात लावून ये म्हणाली."

लवकर सापडली. त्या अंगणात, त्या दिवशी, माझ्यासमोर हा माणूस तो शब्द उच्चारत होता. माझ्या ताईचे जे महिने यानं बोअरच्या पाण्यात बुडवले, तेच महिने ताईनं याच्या बायकोला काढून दिले. आणि हा जेवायला बसला होता.

त्याच्या बायकोवर माझा राग नाही. ती जगली, चांगलं झालं. पण मी वरणाचं भांडं खाली ठेवलं, वाकले आणि त्याच्यासमोरची पत्रावळ उचलली.

"लहाने!" भाऊजी ओरडले. "पानावरून मानूस उठवू नाई वं!"

नाही उठवू. मला माहीत आहे. तेरवीच्या पंगतीतून कुत्रंही हाकलत नाहीत. मी उठवलं. सगळ्या गावासमोर. तो उठला, मला हात जोडले, आणि फाटकापाशी जाऊन शेकडो चपलांत आपल्या चपला शोधत राहिला. मी त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले होते, त्या माझ्या पायापाशीच पडल्या होत्या. मला दिसत होत्या. मी सांगितलं नाही.